न हलणारं पॅड

शनिवार, ११ जानेवारी

गेम पार्लर बंद झालं. सांगितलं नाही, सवरलं नाही, शटर ओढून मोकळे. मी आणि वन्सं बुटांच्या पिशव्या घेऊन बंद दारासमोर उभ्या, शेवटची बस चुकल्यासारख्या. शेजारचा चष्मेवाला म्हणाला, नाचाचं मशीन मंगळवारीच ट्रकमध्ये घालून नेलं. म्हणजे सगळ्या बाजाराला मंगळवारपासून माहीत, आणि आम्ही दर शनिवारी येणाऱ्या, आम्हाला पत्ता नाही. मला या गोष्टीची फार चीड येते. बंद करायचं तर करा, पण तोंडावर सांगा.

"जाऊ दे ना वहिनी," वन्सं म्हणाली. "दुकान त्यांचं आहे."

वन्सं म्हणजे माझी नणंद. हल्ली कोणी नणंदेला वन्सं म्हणत नाही. मी लग्नानंतर तिला चिडवायला म्हणू लागले आणि तेच चिकटलं. घरी आम्ही दोघीच. नणंद-भावजयीचं पटत नाही म्हणतात, आमचं पटतं. नाचाच्या मशीनवर दोघी शेजारी उभ्या, पडद्यावर बाण सरकत येतात, गाण्याच्या ठेक्यावर पायाखालच्या त्याच बाणावर पाय टाकायचा, नजर समोर. तासभर एकमेकींचं तोंड बघावं लागत नाही, म्हणून पटतं, असं मी लोकांना सांगते.

आता शनिवारी काय करायचं?

मंगळवार, २१ जानेवारी

कपाटामागून घरचं जुनं पॅड काढलं. हे आमचं तिसरं. तिन्ही एकाच जातीची, प्लास्टिकच्या चादरीवर चार बाण छापलेले आणि आत बोटभर स्पंज. गुंडाळून ठेवता येतं एवढाच गुण. पहिल्याचा वरचा बाण महिन्यात मेला. दुसऱ्याची घडी जिथे पडायची तिथे आतली तार तुटली. आज तिसऱ्याने मला घेऊन सोफ्यापर्यंत घसरगुंडी केली. कोपर सोललं. वन्सं हसून हसून खाली बसली. मी आधी चिडले, मग मलाही हसू फुटलं.

मलमपट्टी करताना मी जाहीर केलं की आता पक्कं पॅड घ्यायचं. धातूचं, जड, दोघींचं एकत्र जोडलेलं, मागे धरायला दांडा असलेलं. जन्मभर टिकलं पाहिजे.

"जन्मभर?" वन्सं म्हणाली. "त्यापेक्षा घडी होणारंच एखादं चांगलं बघू या. उद्या जागा बदलावी लागली तर?"

"कशाला बदलायची जागा? घर काय पळून जातंय?"

ही मुलगी मुळात चिकट आहे. चपलेचा अंगठा तीनदा शिवून घेईल.

रविवार, २ फेब्रुवारी

नवऱ्याचा फोन आला. स्वारी दूरदेशी एका बंदरात क्रेनच्या कामावर आहे. आधी दर वर्षी सुट्टीला यायचा, अलीकडे सुट्टी मिळत नाही. फोनही आता रविवार सोडून रविवार येतो. मी आज पूर्ण तयारीत होते, कारण पॅडला त्याची खोली हवी होती, आणि हा माणूस असा की इथे असताना त्याने मला टॉवेलचा खिळासुद्धा हलवू दिला नव्हता. मी भांडायचे चार मुद्दे मनात जुळवून ठेवले होते.

"घे की खोली," तो म्हणाला. "सगळी रिकामी कर. माझं जे काही आहे ते खोक्यांत भर. आणि वरती लिही काय काय आहे, नंतर शोधायला नको."

चारही मुद्दे वाया. पण बरं वाटलं. घरापासून लांब राहिलं की माणसाला घरच्यांची किंमत कळते, हेच खरं.

वन्संला सांगितलं. ती सिंकपाशी होती. "असं म्हणाला दादा?" एवढंच म्हणाली आणि घासलेला तवा पुन्हा घासायला घेतला. मी म्हटलं, अगं भोक पडेल त्याला.

शनिवार, ८ फेब्रुवारी

पॅडवाल्याकडे जाऊन आलो. हा माणूस दुकानांचे रॅक आणि जिन्यांचे कठडे करतो. पार्लरचं मशीन दुरुस्त करता करता त्याला पॅड बनवायचा नाद लागला. दोन नमुने दाखवले. एक हलकं, बिजागरीवर दुमडणारं, एका माणसाचं. दुसरं लोखंडी चौकटीचं, जाड अ‍ॅक्रिलिकच्या फरश्या, प्रत्येक फरशीच्या चारही कोपऱ्यांखाली दाब ओळखणारे सेन्सर. खराब झाला तर एक स्क्रू काढून नवा बसवायचा, सगळं खोलावं लागत नाही. मला हे फार आवडलं. एक भाग बिघडला म्हणून सगळं फेकायचं, हा पातळ पॅडांचा मोठा दोष.

त्याने आम्हाला नमुन्यावर उभं करून एकेक गाणं खेळायला लावलं आणि स्वतः खाली बसून आमचे पाय बघत राहिला.

"ताई, तुम्ही पाय टाकत नाही, आपटता," मला म्हणाला. "आणि यांचे पाय मांजराचे. दोन्ही बाजू वेगवेगळ्या जुळवाव्या लागतील. तुमची कडक, यांची नरम. मग अदलाबदल करून चालायचं नाही हं. दुसऱ्या कोणाला नीट खेळताही येणार नाही."

"दुसरं कोण खेळणार आहे?" मी म्हटलं.

वन्सं तेवढ्यात त्या दुमडणाऱ्याच्या बिजागऱ्या उघडमीट करून बघत होती. "जोडलेलं घेतलं तर पुढे वेगळं करता येतं का?" तिने विचारलं.

"कापून देईन की. पण पुन्हा जोडलं तर पहिल्यासारखं सरळ बसत नाही."

मी जोडलेलंच सांगितलं. एवढ्या बारीकसारीक शंका काढत बसलं तर माणसाने घरात खुर्चीसुद्धा आणू नये.

शनिवार, १५ फेब्रुवारी

वन्सं आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढते, त्यामुळे मोजायचं काम तिच्याकडे. आज टेप घेऊन बसली. पॅड ठेवायचं एका खोलीत, आणि या बाईने हॉल मोजला, स्वयंपाकघर मोजलं, बाल्कनी मोजली, न्हाणीघरात वाकून दाराची रुंदी घेतली. मोबाइलवर प्रत्येक खोलीचे फोटो. खिडक्या उघडून, उजेड येऊ देऊन.

"अगं, पॅड न्हाणीघरात ठेवायचंय का?"

"एकदा हातात टेप घेतली की मला राहवत नाही," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता. कामाचं वेड असावं तर असं.

गुरुवार, २० फेब्रुवारी

दवाखान्यात आज मजा झाली. माझं काम कान तपासायचं. माणसाला काचेच्या खोलीत बसवते, हेडफोन देते, बारीक आवाज ऐकू आला की बटण दाबा म्हणते. आज एक आजोबा बटण दाबायलाच तयार नाहीत. मशीनकडे बघून मला शंका आली, म्हणून दार उघडून विचारलं, "आजोबा, खरंच ऐकू येत नाही?"

"येतंय की," म्हणाले. "पण दाबलं की तू पुढचं ऐकवणार."

घरी येऊन वन्संला सांगितलं. मला वाटलं पोट धरून हसेल. तिला आज हसू आलं नाही, डोकं दुखतंय म्हणाली. मी तिच्या कपाळाला बाम चोळला. मग तिला थोडं रडू आलं. बाम डोळ्यांत गेला असेल.

रविवार, २ मार्च

वन्संच्या ऑफिसातली कोणी मैत्रीण नवऱ्याला घेऊन आली. काय ही माणसं! बाई सरळ स्वयंपाकघराच्या ओट्यावर हात फिरवतेय, नवरा न्हाणीघराचा नळ सोडून पाण्याची धार बघतोय. भिंतीवर बोटाने टकटक करून बघितलं. पाहुण्यांनी थोडी लाज बाळगावी. मी त्यांना खोली दाखवली, म्हटलं इथे आमचं पॅड येणार. बाई वन्संकडे बघायला लागली, वन्सं खिडकीकडे.

जिन्यात खालचे काका भेटले. आमच्या उड्यांवरून त्यांनी आजवर मला सळो की पळो करून सोडलंय. मी आपणहून सांगितलं की आता जड पॅड येतंय, खाली जाड रबर घालणार आहे, तुम्हाला त्रास होणार नाही.

"असू दे, असू दे," काका म्हणाले. "आता थोडे दिवस तर राहिले. काढू आम्ही कसेबसे."

म्हातारा आजारी वगैरे नाही ना? एवढं गोड कधी बोलला नव्हता. वन्संला म्हटलं, काकांची जरा चौकशी कर.

मंगळवार, ११ मार्च

आलं! चार माणसं लागली वर आणायला. काळी चौकट, चकचकीत फरश्या, मागे एकच लांब दांडा, दोघींना पुरणारा. नवऱ्याची खोली आता ओळखू येत नाही. त्याची खोकी मी हॉलमध्ये नीट रचून ठेवली आहेत, प्रत्येकावर ठळक अक्षरांत लिहून.

वन्सं दोन दिवस साइटवर गेली आहे, उद्या येईल. तिला न सांगता एक काम करून घेतलं. पॅडवाला म्हणत होता, रबरावर बसेल, फार हलणार नाही. मी म्हटलं, फार नाही म्हणजे हलणार. मला हलायलाच नको. शेवटी त्याने ड्रिल काढून खोलीच्या फरशीत चार भोकं पाडली आणि बोल्ट ठोकून चौकट पक्की केली. खोलीभर पांढरी धूळ झाली. मी आनंदाने पुसली. आता हे पॅड इथून कोणी हलवू शकत नाही. उद्या ती येईपर्यंत मी त्यावर पाय ठेवणार नाही.

बुधवार, १२ मार्च

काय लिहू.

जसं झालं तसं लिहिते. वन्सं सहाला आली. मी तिचे डोळे झाकून खोलीत नेलं. हात काढले तेव्हा ती पॅडकडे न बघता खाली बोल्टकडे बघत होती. "फरशीला भोकं पाडलीस?" चेहरा पांढरा पडला होता. मी म्हटलं, पाडली, चल, चढ.

आमचं नेहमीचं गाणं लावलं, लांब आणि मधे फार अवघड असलेलं. गाणं सुरू असताना पॅडवरून उतरायचं नाही हा आमचा नियम. दाराची बेल वाजली, दूध उतू गेलं, तरी नाही. पहिलं कडवं झकास गेलं. तिची बाजू तिच्या पायाला इतकी जुळली होती की तिच्या पावलांचा आवाज येत नव्हता.

मग ती बोलायला लागली. समोर पडद्याकडे बघत.

"वहिनी, उद्या घर बघायला लोक येणार आहेत."

"कोणाचं घर?"

"आपलं. ते मागे आले होते ना, तेच. उद्या नक्की करायला येतायत."

डावा, डावा, वर, उजवा. मला वाटलं ती थट्टा करतेय.

"दादा परत येणार नाहीये. तिथे त्याच्याबरोबर एक बाई आहे. त्याने तिकडेच राहायचं ठरवलंय. घर बाबांनी आम्हा दोघांच्या नावावर केलेलं, त्याला त्याचा वाटा हवाय. विकायच्या कागदावर मी सही केली आहे, वहिनी."

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"जूनपासून."

मधला अवघड भाग आला. ती दोनदा चुकली, मग तिने दांडा धरला. मी चुकले नाही. हे मला कळत नाही आणि सहनही होत नाही, की माझा संसार मोडल्याचं ऐकत असताना माझे पाय प्रत्येक बाण बरोबर दाबत होते. गाणं संपलं. पडद्यावर माझ्या बाजूला चांदण्या उधळल्या.

मी खाली उतरून स्वयंपाकघरात गेले आणि कडी लावली. ती बाहेरून म्हणत होती, वहिनी, समोरासमोर माझी जीभ उचलली नसती. मी नळ मोठा सोडला.

गुरुवार, १३ मार्च

दवाखान्यात गेले नाही. अकराला ते नवरा-बायको आले. बाईच्या हातात आमच्या घराचा नकाशा. वन्संच्या हातचा, प्रत्येक दाराची रुंदी घातलेला. मी टेपचं दुसरं टोक धरून उभी होते त्या दिवशी. हसत होते.

माणूस पॅडच्या खोलीत गेला आणि बोल्ट बघून थांबला. "या भोकांचं काय?"

"आम्ही काढून नेऊ आणि फरशी बदलून देऊ," वन्सं म्हणाली.

"आम्ही?" मी विचारलं. तिथेच, त्यांच्यासमोर. बाईने नवऱ्याची बाही ओढली आणि दोघं बाल्कनी बघायला गेले.

खालचे काका जिन्यात भेटले तर नजर चुकवून वर बघत राहिले. त्यांना माहीत होतं. त्या नळ सोडणाऱ्या माणसाला माहीत होतं. आख्ख्या जिन्याला माहीत होतं. मी मात्र खोक्यांवर ठळक अक्षरांत लिहीत होते.

शनिवार, १५ मार्च

दोन दिवस बोलले नव्हते. आज सगळंच बाहेर आलं.

"परक्याने केलं असतं तर मी दोन शिव्या घालून मोकळी झाले असते," मी म्हटलं. "तू केसाने गळा कापलास. एका ताटलीत जेवतेस माझ्याबरोबर, आणि ताकाला तूर लागू दिली नाहीस? नऊ महिने?"

"रोज सांगायचं ठरवत होते."

"तुझ्या भावाने सांगू नको म्हटलं म्हणून?"

"नाही. तो म्हणाला, तूच सांग, मला जमणार नाही. त्याने कधीच माझ्यावर ढकललं होतं."

"मग?"

ती ओट्याला टेकून उभी होती. बराच वेळ नखाने ओट्याची कड खरवडत राहिली.

"तू निघून गेली असतीस," ती म्हणाली. "दादा नाही तर तू इथे कशाला राहशील? माझं तुझ्याशी नातं दादामुळेच ना? तो गेला की मी तुझी कोण?"

"म्हणून मला आंधळी करून ठेवलंस. तुला सोबत हवी म्हणून."

"हो," ती म्हणाली. तिने निदान आता तरी खोटं बोलायला हवं होतं.

मग म्हणाली की तिने तिच्या वाट्यातून एक छोटं घर बघून ठेवलंय. दोन खोल्या. दोघींसाठी. दुमडणारं पॅड तिथल्या हॉलमध्ये बरोबर बसेल, मोजून आली आहे. सगळं ठरल्यावर एकदमच सांगणार होती. म्हणजे माझं कुठे राहायचं, कोणाबरोबर राहायचं, पाय कशावर आपटायचे, हेही हिने मोजून ठेवलंय. फक्त मला विचारायचं तेवढं राहिलं.

मी म्हटलं, "भावाकडे जा राहायला. तुमची जोडी छान आहे."

ती हे ऐकून जशी बघत राहिली ते मला आठवायचं नाहीये. बोलले ते बरोबरच बोलले.

रविवार, १६ मार्च

नवऱ्याचा फोन. आज नेमका रविवार पाळला. "तिने सांगितलं ना तुला?" हे पहिलं वाक्य. जसं काही दूधवाल्याला उद्या येऊ नको म्हणून निरोप द्यायचा होता. मी फार बोलले नाही. खोकी कुठे पाठवायची ते विचारलं आणि पत्ता लिहून घेतला. फोन ठेवल्यावर रडले, पुष्कळ रडले. पण हे रडणं सोपं होतं. त्याच्या जाण्याचं जिथे दुखायला हवं तिथेच दुखतंय. हिचं कुठे दुखतंय तेच सापडत नाही. कपडे वाळत घालताना दुखतं, चहा एकीचाच करताना दुखतं, आजोबांची गोष्ट आठवली की तर फारच.

मंगळवार, २५ मार्च

दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंच्या ओळखीने खोली मिळाली. तळमजल्यावर, कितीही आपटलं तरी खाली कोणी नाही. पॅडवाला येऊन बघून गेला. सोमवारी बोल्ट काढून पॅड तिकडे नेणार आहे.

"ताई, खोली लहान आहे," तो म्हणाला. "कापून दोन करू का? एक ठेवा, एक विकू."

मी नको म्हटलं. कापून पुन्हा जोडलं तर सरळ बसत नाही, हे त्यानेच सांगितलं होतं. पलंग मावणार नाही, पण गादी गुंडाळून ठेवता येते. चांगल्या वस्तूची नासाडी कशाला करायची?

शनिवार, २९ मार्च

वन्सं उद्या जातेय. तिने ती दोन खोल्यांची जागाच घेतली आहे, एकटीसाठी. सकाळपासून तिच्या खोलीत बांधाबांध चालली होती. खोकी ओढल्याचा आवाज, चिकटपट्टीचा करकर आवाज. दुपारी माझ्या दाराशी येऊन विचारलं, "वहिनी, मोठी कात्री आहे?" मी दिली. ती घेऊन गेली. एवढंच बोललो आज.

संध्याकाळी शनिवारच्या वेळेला माझ्याच्याने बसवेना. पॅडवर चढले. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. पडदा लावला, नेहमीचं गाणं निवडलं. गाणं सुरू व्हायच्या आधी पडद्यावर प्रश्न येतो, खेळाडू एक की दोन? इतकी वर्षं माझा पाय विचार न करता दोनवर पडायचा.

मी पाय उचलून धरला. बाजूच्या खोलीत चिकटपट्टी करकरत होती. तिला पडद्याचं संगीत ऐकू येत असणार, ती सुरुवात तिला पाठ आहे. ती आली असती तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही. ती आली नाही. मी बोलावलं नाही.

मी एकवर पाय आपटला. एकाचा आवाज वेगळा वाजतो, एकच टोला. पलीकडची चिकटपट्टी मधेच थांबली, आणि गाणं संपेपर्यंत पुन्हा वाजली नाही.